पंधरा तासांचं माप

यंदा किती शिकलीस, असं तळेघरहून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला विचारलं तर तिच्या गुणपत्रिकेत त्याचं उत्तर एका आकड्यात तयार असतं. साधारण ४४. म्हणजे ४४ क्रेडिट, सरकारी मराठीत श्रेयांक. वर्गात पंधरा तास शिकलं की एक क्रेडिट. प्रयोगशाळेत किंवा शिवारात हातानं काम केलं तर तीस तासांना एक. सत्राला बावीस, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२, की पदवी हातात. एखादी गोष्ट कधी क्षणात समजते, कधी वर्षभर डोकं आपटूनही समजत नाही. तरी शिकण्याला तासांचं माप लावता येतं आणि त्या मापावर देशभरातली विद्यापीठं चालतात, हे मला फार विलक्षण वाटतं. हे माप आलं कुठून आणि सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या गावात ते कसं लागू पडतं, याचा माग काढत गेलं की आजच्या महाविद्यालयांची आणि तिथल्या मुलांची दुखणी एकामागून एक समोर येतात.

तळेघर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, मंचरहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घोडेगाव सोडलं, डिंभ्याचं धरण मागे टाकलं की रस्ता घाट चढतो. भोवती महादेव कोळी समाजाच्या वाड्या, उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरं, आणि जिकडेतिकडे हिरड्याची झाडं. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांचा हा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. दहावी-बारावीपर्यंत आश्रमशाळा आहेत. त्यापुढे खाली उतरावं लागतं : घोडेगाव, मंचर, जुन्नर, नाहीतर थेट पुणे. डिंभ्याचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जातं, आणि शिकायला निघालेली मुलंही त्याच दिशेला जातात.

आता त्या मापाकडे येऊ. त्याचा जन्म शिकण्याच्या विचारातून झालेला नाही. तो झाला म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनमधून.

१९०५ मध्ये अमेरिकेतला पोलादाचा कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यानं कॉलेजच्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन मिळावं म्हणून एक कोटी डॉलर दिले. आयुष्यभर शिकवून माणसं उतारवयात कफल्लक होतात, याचं त्याला वाईट वाटलं होतं. पैसे आले, पण लगेच प्रश्न उभा राहिला : कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळी कोणीही पाटी लावून कॉलेज काढत असे. मग कार्नेगीच्या नावानं उभ्या राहिलेल्या संस्थेनं अटी घातल्या. त्यातली एक अट अशी की, शाळेत ठरावीक चौदा एकक अभ्यास पुरा केलेल्या मुलांनाच प्रवेश देणारं कॉलेज ते खरं कॉलेज. आणि एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरात १२० तास. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी अट मान्य केली, कॉलेजात प्रवेश हवा म्हणून शाळांनी आपली वेळापत्रकं त्या तासांत बसवली. पाच वर्षांनी, १९१० मध्ये, मॉरिस कुक नावाच्या अभियंत्यानं कॉलेजांचा कारभार कारखान्याच्या नजरेनं तपासला आणि ‘विद्यार्थी-तास’ हे मोजमाप पुढे केलं. शंभर वर्षांत ते जगभर पसरलं. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ते मध्यभागी आणून ठेवलं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या साध्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू झाला.

न्यूयॉर्कच्या एका धनाढ्य माणसाला प्राध्यापकांची कणव आली, आणि त्यातून निघालेल्या मापात आज आंबेगाव तालुक्यातली मुलगी आपलं वर्ष मोजते. कल्पनेचा केवढा हा प्रवास!

महाराष्ट्रात वर्षाला ४४ क्रेडिट असले तरी राष्ट्रीय चौकटीत वर्षाचा अभ्यास १,२०० तासांचा धरलेला आहे आणि त्याला ४० क्रेडिट. यात वर्ग, प्रयोग, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं आलं. जे आलं नाही ते मोजून पाहू. तळेघर ते घोडेगाव एसटीनं जाऊन-येऊन, थांब्यावर वाट पाहण्यासकट, दिवसाला अडीच तास धरले. कॉलेजचे दिवस १८० धरले. झाले ४५० तास. तीस तासांना एक क्रेडिट या हिशेबानं पंधरा क्रेडिटची मेहनत नुसत्या येण्याजाण्यात गेली. वाडी रस्त्यापासून आत असेल तर पायवाटेचा वेळ वेगळा. गाडी चुकली तर तो दिवसच गेला, आणि हजेरीपटावर फक्त गैरहजेरीची खूण उरली. कॉलेजच्या आवारालगत राहणाऱ्या मुलाला आणि या मुलीला मिळणारं क्रेडिट सारखंच असतं. ते मिळवायला लागणारं आयुष्य सारखं नसतं.

दिवसाच्या घड्याळासारखंच वर्षाच्या कॅलेंडरचंही आहे. विद्यापीठाचं कॅलेंडर आणि डोंगराचं कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. वर्षातून तीनदा त्यांची टक्कर होते, आणि तिन्ही वेळा नेमकी नको तिथे. जून-जुलैत प्रवेश, अर्ज, दाखले यांची धावपळ. इकडे त्याच दिवसांत भाताची आवणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या सत्राची परीक्षा. इकडे भाताची कापणी आणि झोडणी. उन्हाळ्यात दुसऱ्या सत्राची परीक्षा. इकडे हिरड्याचा हंगाम. या तिन्ही वेळी घराला प्रत्येक हात हवा असतो. अभ्यासात कच्ची म्हणून मागे पडलेली वाटणारी कितीतरी मुलं खरं तर दोन वेळापत्रकं एकाच अंगावर पेलत असतात. परीक्षा पंधरा दिवस मागेपुढे करण्याचा अधिकार महाविद्यालयाला असता तर यातलं बरंचसं सुटलं असतं, असं मला वाटतं. पण लाखो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला एका घाटमाथ्याचा पाऊस पाहून तारखा ठरवता येत नाहीत.

हिरड्याचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. इथलं भात बहुतेक घरात खाण्यापुरतं. रोकड देणारा जो थोडका माल आहे त्यात बाळहिरडा मोठा. आठी धरण्याआधीचं कोवळं फळ झाडावर चढून काढायचं, अंगणात किंवा कातळावर पसरायचं, काळं आणि टणक होईपर्यंत उन्हात वाळवायचं. मुलांच्या वह्या, फी, खोलीचं भाडं यातला कितीतरी पैसा त्या काळ्या सुकलेल्या फळांतून येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून वर आलं तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात हिरड्याची झाडं मोडली, उन्मळली. हिरड्याचं मोठं झाड एका वर्षात परत उभं राहत नाही. भरपाईसाठी लोकांना पुढे कित्येक आंदोलनं करावी लागली. महामारीमुळे वर्ग मोबाईलवर गेले ते हेच वर्ष, आणि डोंगरात रेंज शोधत टेकाड चढणारी मुलं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली.

पण सगळ्यात लांबचा प्रवास एसटीचा नव्हे. तो आहे १९५० सालापर्यंतचा.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं ६ सप्टेंबर १९५० ला निघाली. त्यामुळे त्या तारखेच्या आधीचा कागद सर्वांत भक्कम मानला जातो : आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, गावनमुन्यातली नोंद, जन्ममृत्यूची नोंद. आता विचार करा. त्या काळी शाळाच नसलेल्या वाडीतल्या, अक्षर न शिकलेल्या पणजोबांची शाळेतली नोंद कुठून आणायची? आणि असली, तर मास्तरांनी ‘महादेव कोळी’ न लिहिता नुसतं ‘हिंदू कोळी’ लिहून ठेवलेलं असतं. त्या एका शब्दाच्या आळसाची किंमत तीन पिढ्यांनंतर बारावी झालेली मुलगी मोजते.

ही सगळी तपासणी आली ती खोट्या दाखल्यांमुळे, हेही तितकंच खरं. २ सप्टेंबर १९९४ ला सर्वोच्च न्यायालयानं छाननी समित्या आणि दक्षता पथकं कशी असावीत हे बारकाईनं ठरवून दिलं. तो खटला नेमका महादेव कोळी असल्याच्या दाव्याचाच होता, वैद्यकीय प्रवेशाचा. खऱ्या आदिवासींची जागा दुसऱ्यानं बळकावू नये म्हणून ही चाळणी. कागद अपुरा वाटला तर आप्तभाव चाचणी होते : तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मयताचे विधी कसे, बोली कशी. तीन पिढ्या आश्रमशाळेत, गिरणीत, शहरात गेलेल्या घरातल्या मुलाला यातलं किती सांगता येईल? २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे, आणि ती प्रत्येक प्रकरणात करण्याची गरजही नाही. या निकालानं खूप मुलांना श्वास घेता आला असेल. तरीही प्रवेशाची मुदत दिवसांत मोजली जाते आणि समितीचं काम महिन्यांत. दोन्हींच्या मधल्या फटीत जे अडकतात ते मोजले जात नाहीत.

जी मुलं पुण्यात पोचतात त्यांच्यासाठी शासनाची वसतिगृहं आहेत, पण जागा कमी. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. भोजनाचे पैसे दहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला १०७ रुपये होतात, आणि खोलीचे महिन्याला २,०००. पुण्यात या पैशात खोली मिळते ती चार-पाच जणांत मिळून. रक्कम कमी आहे यापेक्षा हप्ता वेळेवर येत नाही, हे मुलांचं जुनं गाऱ्हाणं आहे. २०१८ मध्ये वसतिगृहातली खाणावळ बंद करून जेवणाचेही पैसे खात्यात देण्याचं ठरलं, तेव्हा जुलैच्या पावसात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले होते. शिजवलेलं ताट मागण्यासाठी मुलांनी पुणे-नाशिक रस्त्यानं चालावं, ही गोष्ट मला अजून बोचते. ताट समोर आलं की मूल जेवतं. खात्यात पैसे आले, तर ते आधी घरच्या दवाखान्याला जातात.

२०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचं नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के आहे आणि अनुसूचित जमातींचं २१.२ टक्के. धोरणाचं उद्दिष्ट २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचं.

या अंतरावर उतारा म्हणून एक खरोखर सुंदर कल्पना २०२१ मध्ये आली : क्रेडिटची बँक. मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या डिजिटल खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत टिकतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडावं लागलं तर, थोडे जादा क्रेडिट पुरे करून, प्रमाणपत्र. दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांनी पदवी. चार वर्षांनी ऑनर्स. पूर्वी दुसऱ्या वर्षाला गळालेल्या मुलीच्या हातात काहीच राहत नसे, ती कायद्याच्या दृष्टीनं बारावी पासच. आता तिचे तास तिच्या नावावर राहतात आणि परत येण्याची वाट उघडी राहते. मला ही कल्पना मनापासून आवडते, आणि म्हणूनच काळजीही वाटते. बाहेर पडण्याची दारं दोन ठिकाणी बांधली, पण परत आत आणणारा रस्ता कोणी बांधायचा? लग्न होऊन गेलेली मुलगी किंवा चाकणच्या कारखान्यात लागलेला मुलगा सात वर्षांत परत वर्गात यायचा तर त्यांना संध्याकाळचे वर्ग लागतील, वसतिगृह लागेल, त्यांचं नाव लक्षात ठेवणारं कोणीतरी लागेल.

त्या ‘कोणीतरी’चीच महाविद्यालयांत वाण आहे. अनुदानित महाविद्यालयांतली प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि तिथे तासिका तत्त्वावर माणसं घेतात. नेट, सेट, पीएच.डी. झालेला शिक्षक, पैसे मात्र शिकवलेल्या तासाचे. सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही, पेन्शन तर दूरच. क्रेडिट हे माप जन्माला आलं प्राध्यापकाचं म्हातारपण सुरक्षित व्हावं म्हणून; तेच क्रेडिट आज आपल्याकडे जो शिकवतो त्याला स्वतःच्या पुढच्या जूनचा भरवसा नाही. लहान गावातल्या महाविद्यालयाला हे जास्त झोंबतं. नव्या आराखड्यात मुख्य विषय, उपविषय, खुले विषय, कौशल्याचे, मूल्यांचे, भाषेचे असे किती रकाने! शहरातलं मोठं महाविद्यालय वीस पर्याय देऊ शकतं. तालुक्याच्या गावात जे शिक्षक आहेत त्यांच्यातच सगळे रकाने भरावे लागतात, आणि मुलाला ‘निवड’ म्हणून मिळतं ते जे उपलब्ध आहे तेच.

तरी याच आराखड्यात तीन रकाने असे आहेत, ज्यांनी मला हे सगळं लिहायला लावलं. भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, आणि समाजसहभाग. प्रत्येकाला सहसा दोन क्रेडिट. कागदावर फार लहान. पण तळेघरच्या मुलीला घरी जे येतं त्याला विद्यापीठाच्या मापात पहिल्यांदाच जागा मिळू शकेल, ती इथे.

हिरडाच घ्या. कोवळं फळ चावलं की तोंड आकसतं, कारण त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना घट्ट पकडतं आणि जिभेवरचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. हेच टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनच्या धाग्यांना पकडतं तेव्हा कातडं कुजायचं थांबतं आणि चामडं तयार होतं. हिरड्याच्या काढ्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाका, क्षणात निळसर काळा रंग उमटतो. लोह आणि टॅनिन भेटल्याचा हा रंग. कलमकारीचं कापड आधी हिरड्यात भिजवून मग लोखंडाच्या पाण्यानं त्यावर काळी रेघ ओढतात ती याच जोरावर, आणि हिरडा-हिराकसाची जुनी काळी शाईसुद्धा. ही फेरिक क्लोराइडची परीक्षा कुठल्याही महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत होते. कोणत्या आठवड्यात तोडलेल्या फळात टॅनिन जास्त? कातळावर वाळवलेल्यात आणि शेणानं सारवलेल्या अंगणात वाळवलेल्यात फरक पडतो का? मळभ आलं तर? आजीला याची उत्तरं अंदाजानं ठाऊक असतात. नात ती मोजू शकते. आणि व्यापाऱ्यासमोर मोजलेला आकडा ठेवता आला तर भावाची बोलणी वेगळ्या पातळीवर होतात.

किंवा पडकई घ्या. डोंगरउतारावर खाचर पाडायचं काम एका घराचं नव्हे. सगळी वाडी मिळून आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या, मजुरीशिवाय. दगड कसा बसवायचा, पाण्याला वाट कुठून द्यायची, माती कुठे थांबेल हे पिढ्यानपिढ्यांचं जाणतेपण आहे. शासनानंही पडकईच्या नावानं योजना राबवली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. त्यानंतर कारणांवर पुष्कळ चर्चा झाली : अतिवृष्टी, उताराची घडण, यंत्रांनी केलेलं सपाटीकरण. त्यामागचं शास्त्र थोडक्यात असं की, कातळावर बसलेल्या सैल मातीत पाणी मुरत जातं, कणांमधल्या पोकळीत दाब वाढतो, एका कणाला दुसऱ्यावर धरून ठेवणारं घर्षण घटतं, आणि एका क्षणी सगळा थर कातळावरून सुटतो. हा दाब मोजता येतो. उताराचा कोन मोजता येतो. कुठला झरा यंदा जागा बदलून फुटला हे गुराख्याला विचारून नकाशावर घेता येतं. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, स्थापत्यशास्त्र शिकवणारं, आणि तेही आंबेगाव तालुक्यातच. घोडेगावची भूगोलाची मुलगी आणि अवसरीचा स्थापत्यचा मुलगा एका वाडीच्या वरचा उतार मिळून मोजू शकतात, आणि त्या मोजणीला दोघांनाही क्रेडिट मिळू शकतं. नोंदी अनुसूचित क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेपुढे ठेवल्या तर त्या तिथे उपयोगी पडतील.

मात्र उतार एका सत्रात मोजून होत नाही. ओळीनं चार-पाच पावसाळे त्याच खुणांवर, त्याच झऱ्यांवर परत जावं लागतं, तेव्हा कुठे हालचाल दिसते. मुलं तीन वर्षांनी बदलतील. वह्या सांभाळणारा, खुणा ओळखणारा, वाडीतल्या माणसांना नावानं ओळखणारा शिक्षक तोच राहायला हवा. म्हणून या दोन क्रेडिटसाठी महाविद्यालयाला पहिली गरज आहे ती पुढच्या जूनमध्येही नक्की असणाऱ्या, पूर्ण पगाराच्या एका प्राध्यापकाची.